शाळेची वाट



आज मी आपल्याशी बोलणार आहे ते शाळेविषयी नव्हे, शाळेच्या वाटेविषयी. शाळेविषयी पुष्कळ बोलले जाते. इमारत कशी आहे, गुरुजी वेळेवर येतात का, खिचडी नीट शिजते का, सगळ्याची चौकशी होते. पण घराचा उंबरठा आणि शाळेचा उंबरठा यांच्या मधे जे काही पडलेले असते, त्याची चौकशी सहसा कुणी करीत नाही. शहरातले मूल दप्तर घेऊन जिन्याखाली उतरते, बापाच्या मोटारीत बसते आणि शाळेच्या फाटकाशी उतरते. कित्येकदा ते अंतर इतके थोडे असते की मोटार वळवून लावायलाच अधिक वेळ जातो! आपल्याकडे मोटार नाही. आपल्याकडे मुलाचे दोन पाय आहेत, आणि मधे ओहोळ आहे.

मी डहाणू तालुक्यात पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. मूळचा मी घाटावरचा. रानशेतच्या बाजूच्या एका शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा गाव म्हणजे एका जागी बसलेली घरे अशीच माझी समजूत होती. इथे आलो आणि पाहिले तर गाव असे नाहीच. एक पाडा या टेकडीच्या पोटाशी, दुसरा खाचरांच्या पलीकडे, तिसरा जंगलाच्या कडेला. कागदावर गाव एक, आणि चालायला लागले की पाच-सहा. शाळा त्यातल्या एका पाड्यात. त्या पाड्यातली पोरे घंटा वाजली की घरातून निघत आणि प्रार्थनेला हजर होत. बाकीच्यांना घंटा ऐकूच येत नसे.

१९९१ सालची गोष्ट. तिसरीत एक मुलगी होती. हुशार म्हणावी अशी; पाढे तिला वर्गात सर्वांत आधी पाठ होत. जून महिन्यात ती रोज आली. जुलै लागला आणि येईनाशी झाली. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत गेलो. आठवडा झाला, दोन झाले. शेवटी लाल शाईने 'सतत गैरहजर' असा शेरा मारून मोकळा झालो. मनात म्हटले, लावणीला गेली असेल, यांना शिक्षणाची गोडीच नाही. खोटे कशाला बोलू, त्या वेळी मी असेच म्हणत असे आणि माझ्याबरोबरचे पुष्कळ जण म्हणत असत.

एका सकाळी शाळेला उशिराची वेळ होती, म्हणून मी इरले घेतले आणि त्या पाड्याकडे निघालो. निम्म्या वाटेवर ओहोळ लागला. उन्हाळ्यात ज्याच्यातून चपला न काढता जातो, तोच ओहोळ छातीइतका भरून गढूळ वाहत होता. पलीकडच्या काठावर एक म्हातारी उभी होती आणि तिच्या शेजारी ती मुलगी. अंगात शाळेचा गणवेश, डोक्यावर प्लॅस्टिकचा घोंगता, पिशवीत पाटी आणि कडेवर वर्षा-दीड वर्षाचा भाऊ.

मी अलीकडून ओरडून विचारले, "काय गं, शाळेत का येत नाहीस?"

म्हातारी म्हणाली, "येतं ना गुरजी, रोज येतं. पाणी उतरायची वाट पाहतं. नाय उतरलं तं परत जातं."

मंडळी, ती मुलगी रोज शाळेला निघत होती. रोज ओहोळापर्यंत येत होती, तासभर उभी राहत होती आणि परत जात होती. आईबाप लावणीवर गेलेले, म्हणून धाकटा भाऊ कडेवर. हजेरीपटात हजर आणि गैरहजर असे दोनच रकाने असतात. निघाली होती पण पोचली नाही, याला रकाना नाही. तो लाल शेरा मी खोडला, पण शाई पुसली जात नाही, ती पानावर दिसतच राहिली.

पुढे त्या पाड्यातल्या बापयांनी ताडाचे दोन सोट आडवे टाकून साकव केला. एका बाजूला धरायला बांबू बांधला. दुसऱ्या पावसाळ्यात तो वाहून गेला, तेव्हा पुन्हा केला. या कामाला पैसा लागला नाही, दोन दिवसांचे श्रम लागले. खरे सांगायचे तर ते लोक आधीही करायला तयार होते. पण शाळेला तो हवा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. शाळा ही सरकारची, तिथे आपण काय बोलायचे, असे त्यांना वाटे. आणि धाकट्या भावाला मी वर्गात बसू दिले. कोपऱ्यात एक घोंगडी टाकली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, हे पटावर नसलेले मूल कोण? मी म्हटले, हे पटावरच्या मुलीचे कारण आहे.

हे मी मोठे काही नवे शोधून काढले, असे मला वाटत होते. तेव्हा एका जुन्या शिक्षकांनी मला टोकले. म्हणाले, "अहो, एकदा कोसबाडला जाऊन या."

कोसबाडची टेकडी आपल्याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे इथल्या लोकांना सांगायला नकोत, पण बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई त्याच वर्षी त्यांच्याकडे आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. बोर्डीला बालवाडी मांडली, साहित्य आणले, पण वस्तीतली मुले काही येईनात. आता सामान्य माणूस काय म्हणाला असता? मी म्हटले तेच, की यांना गोडी नाही. या बायांनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल, असे ठरवून त्या वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणात बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि आज देशभर गावोगाव जी अंगणवाडी दिसते तिचे नाव आपल्या या समुद्रकाठच्या अंगणातून गेलेले आहे.

कोसबाडला आणखी एक अडचण होती. मुले गुरे राखायला जात. गुरे सोडून शाळेत या, असे सांगणे सोपे आहे. पण गुरे राखणार कोण? तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षिका जायची. आणि ज्या मुलीच्या कडेवर भावंड आहे तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. थोरली वर्गात, मधले बालवाडीत, धाकटे पाळण्यात. मला एक घोंगडी टाकायला लाल शेऱ्याची ठेच लागावी लागली. त्यांनी हे सगळे माझ्या कितीतरी आधी करून ठेवले होते. शिक्षक बंधुभगिनींनो, कोसबाड इथून फार दूर नाही. अवश्य जाऊन यावे.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगतो. साकवावरून ती सातवीपर्यंत आली. चांगल्या गुणांनी पास झाली. हायस्कूल मात्र दहा किलोमीटरवर. सकाळची गाडी इतक्या लवकर की पाड्यावरून अंधारात निघावे लागे, आणि संध्याकाळची इतक्या उशिरा की सडकेवर उतरून पुन्हा अंधारातच जंगलातली वाट. बापाने महिनाभर सोबत केली. पण रोज दोन वेळा मुलीला सोडायला-आणायला गेला तर तो मजुरीला जाणार केव्हा? दिवाळीनंतर ती गेली नाही. तिथे ताडाचे सोट टाकून भागणार नव्हते, गाडीची वेळ तासाभराने बदलायला हवी होती. तसा अर्ज करता येतो हे मला ठाऊक होते. मी तो केला नाही. ती माझ्या शाळेची राहिली नव्हती ना!

आज पुष्कळ गोष्टी बदलल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. तशी नसेल तर मुलाच्या येण्याजाण्याची सोय करणे किंवा वाहतूक भत्ता देणे, ही जबाबदारी सरकारची. पालकांनी मुख्याध्यापकांना हे सरळ विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच आणून देण्याची व्यवस्थाही झाली, त्यासाठी आगारात रांग लावायची गरज उरली नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांमध्ये मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या. पण पास फुकट असला तरी गाडी वेळेवर हवी, आणि गाडी सडकेवर थांबली तरी सडकेपासून पाड्यापर्यंतची वाट पायीच असते.

बिहारने २००६ साली एक साधी गोष्ट केली. नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा आढळले की त्या वयाच्या मुलींचे हायस्कूलमधले प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढले. आणि ही वाढ मुख्यतः जिथे हायस्कूल तीन किलोमीटरांपेक्षा दूर होते त्या गावांतली होती. म्हणजे मुलींना शिकायचे होतेच. सायकल मिळाली आणि त्या गेल्या. अर्थात आपल्या चढउताराच्या पायवाटांवर सायकल सगळीकडे चालणार नाही. चिखलात ती खांद्यावर घ्यावी लागेल!

याच्या उलटही होते, तेही सांगायला हवे. पट कमी म्हणून शाळा बंद करायची आणि मुले दुसऱ्या शाळेत पाठवायची, हा विचार वारंवार डोके वर काढतो. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांविषयी असा निर्णय झाला होता. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असा प्रस्ताव आला. पाच-सात मुलांच्या शाळेत शिकणे रंगत नाही, खेळाला गडी मिळत नाही, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. मोठ्या शाळेचे काही फायदे आहेतच. पण हा हिशेब करणाऱ्याने आधी श्रावणात ती वाट चालून पाहावी. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा २०२२ साली तिथली मुले बकऱ्या हाकीत नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तरे परत घ्या आणि आम्हाला राखायला बकऱ्या द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ताराबाई-अनुताईंची कुरणशाळा गुरांमागच्या मुलांकडे गेली होती. इथे शाळेतली मुलेच गुरांकडे वळायची वेळ आली.

आता थोडे कामाचे बोलू. जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो, प्रभातफेरी निघते. ती फेरी शाळेच्या पाड्यातच फिरून परत येते. त्याऐवजी ती सर्वांत लांबच्या पाड्यापासून सुरू करावी. सर्व मुले त्या वाटेने शाळेत येऊ द्यावीत. वाटेत काय काय आहे ते गुरुजींना आपोआप कळेल. कुठे निसरडे आहे, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे विजेची तार लोंबते. जुलैत पाऊस भरला की पुन्हा एकदा चालावे, कारण तीच वाट महिन्याभरात वेगळी होते.

लहान मुलांना एकेकटे पाठवू नये. पाड्यातली सगळी मुले ठरावीक वेळी एका झाडाखाली जमावीत, पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा. त्या दोघांची पाळी पालकांनी आठवड्याला वाटून घ्यावी. इटलीत लेक्को नावाच्या शहरात २००३ पासून मुले अशीच ओळीने चालत शाळेत जातात. त्यांनी त्याला पायांची बस म्हटले आहे. त्यांच्या दारात मोटारी आहेत, तरी ते चालतात! मात्र ओहोळाला पाणी भरले असेल तर ओळ थांबलीच पाहिजे. भरल्या पाण्यात उतरण्याचे धाडस मोठ्या माणसानेही मुलांसमोर करू नये, आणि त्या दिवशी मुलांची गैरहजेरी लागणार नाही, हे गुरुजींनी आधीच पाड्यात सांगून ठेवावे.

शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असतात. ही समिती नुसत्या सह्यांपुरती ठेवू नका. गाडीची वेळ बदलायची असेल, साकव हवा असेल, भत्ता अडला असेल, तर समितीचा ठराव करा. त्यात मुलांची संख्या, पाड्याचे नाव, अंतर आणि नेमकी अडचण लिहा. आगाराला द्यायचा अर्ज सातवीची परीक्षा व्हायच्या आतच जाऊ द्या, शाळा सुरू झाल्यावर नव्हे. आठवीत कोण कुठे जाणार, हे सातवीच्या गुरुजींना सर्वांत आधी कळते. मूल आपल्या पटावरून उतरले तरी हा एक अर्ज आपणच करायचा असतो.

त्या ओहोळावर आता सिमेंटची मोरी झाली आहे. मागच्या पावसाळ्यात मी त्या बाजूला गेलो होतो. मोठ्या सरीला तिच्यावरूनही पाणी जाते. पलीकडे दोन मुले घोंगता पांघरून बसली होती. शाळा केव्हा भरते, विचारले. म्हणाली, भरली असेल.

मी त्यांच्या गुरुजींना निरोप पाठवला.