तिच्याबरोबर तुम्ही कशाला?



ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल चालवायची आणि त्यावर धावायचं. मध्ये कपडे बदललेत तरी घड्याळ थांबत नाही. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 साली ‘आयर्नमॅन 70.3’ ही अशी शर्यत पहिल्यांदा झाली. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं. नावात ‘मॅन’ असलं तरी बायकांना अंतर तेवढंच.

आमच्या कोल्हापुरातल्या एका मैत्रिणीनं या शर्यतीत नाव घातलं. आम्ही तिघी तिच्याबरोबर गाडीनं निघालो, तेव्हा माझ्या घरी पहिला प्रश्न आला, “पळणार ती, मग तुम्ही कशाला?” आज त्याचंच उत्तर देते.

या प्रकाराची पहिली मोठी शर्यत 1978 साली हवाईतल्या ओआहू बेटावर झाली. तेव्हा प्रत्येक स्पर्धकानं पाणी-खाणं द्यायला आपली माणसं आपणच आणायची होती. 15 जण उतरले, त्यात बाई एकही नव्हती. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. आता नियम उलटा आहे. शर्यत सुरू झाली की मैत्रिणीनं पाण्याची बाटलीसुद्धा द्यायची नाही, शेजारी पळायचं नाही. लांबून ओरडायचं, बस्स! म्हणजे मदत करायची ती आधीच.

सात सीटच्या गाडीची मागची सीट दुमडली. सायकलचं पुढचं चाक काढलं, गिअरची बाजू वर ठेवली आणि खाली-वर वाकळ घातली. निपाणी, आजरा करत आंबोलीचा घाट उतरलो. तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. शर्यतीच्या तोंडावर पोटाला नवीन काही द्यायचं नसतं, म्हणून तिच्यासाठी घरचा भात घेतला होता. सावंतवाडीत माशांच्या थाळीचा वास आला, पण आम्हीही तिच्याबरोबर भातच खाल्ला.

बांद्यापर्यंत तिच्या घरून पाच फोन आले. सिलिंडरचं पुस्तक कुठंय, मुलाच्या वहीला कव्हर कोण घालणार? सहावा फोन आम्ही घेतला आणि पुढचे सगळे आम्हीच. सासूबाईंना म्हटलं, “काकू, आता परवा संध्याकाळपर्यंत ती तुम्हाला मिळणार नाही.” त्या हसल्या. मग फोन कमी झाले.

खरी भीती समुद्राची होती. तिचा सराव राजाराम तलावातला. तिथं पाणी स्थिर असतं. समुद्रात लाट तोंडावर येते, खारं पाणी घशात जातं, आणि दिशा चुकू नये म्हणून मान वर काढून खुणेचा तरंगता फुगा शोधावा लागतो. आदल्या दिवशी सायकल जमा करून आलो, तेव्हा मिरामारच्या वाळूत ती हळूच म्हणाली, “नको उतरायला.” आम्ही समजावलं नाही. नियमांचं पुस्तक काढून एक ओळ वाचून दाखवली : दम लागला तर बचावाच्या होडीला धरून थांबता येतं, फक्त होडीनं पुढे ओढून न्यायचं नाही. तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग जेवली आणि झोपली.

सकाळी तिनं खरंच एकदा होडी धरली. श्वास लागेपर्यंत थांबली आणि पुन्हा निघाली. उन्हात 21 किलोमीटर धावून ती वेळेच्या आत पोचली, तेव्हा आमचे तिघींचे घसे बसले होते.

तुमच्या गल्लीतली एखादी परीक्षेला, मुलाखतीला किंवा शर्यतीला निघाली असेल तर “काही लागलं तर सांग” एवढ्यावर थांबू नका. तिचे फोन घ्या, तिचा डबा करा, तिच्या शेजारच्या सीटवर बसा.

तीन प्रकार तिघींनी वाटून घ्यायची रिलेची सोयही असते. पुढच्या खेपेला आम्ही तिघी त्यात उतरायचं म्हणतोय. पोहायचं कुणी, यावर अजून भांडण चालू आहे. गाडी चालवायला मात्र ती तयार आहे.