एका ठिपक्यांतले अनेक रंग

काळी शाई खरोखर काळीच असते काय? आज जेवणें झाल्यावर मुलांना जवळ बसवून एक प्रयोग करून पाहा. टीपकागदाची दोन बोटें रुंद पट्टी घ्या. खालच्या टोकापासून बोटभर वर शिसपेन्सिलीनें रेघ ओढा; ती रेघ पाण्यांत विरघळत नाहीं. तिच्यावर, पाण्यांत विरघळणाऱ्या काळ्या शाईचा लहानसा ठिपका द्या. तो वाळला, म्हणजे पट्टीचें टोक तेवढें पाण्यांत बुडेल व ठिपका वर राहील, अशा बेतानें ती पेल्यांत टांगा.

पाणी कागदांतून वर चढूं लागतें आणि ठिपका फुटतो. बहुधा निळा, तांबडा, पिवळा असे निरनिराळे पट्टे उमटतात. ह्यांत जादू कांहींच नाहीं. एका रंगाला कागद अधिक धरून ठेवतो, तो मागें रेंगाळतो. दुसरा पाण्याबरोबर पुढें जातो. पाणी जितकें चढलें, त्याच्या कितव्या हिश्शापर्यंत रंग पोंचला, हें प्रमाण, कागद व द्रव तेच असतां, त्या रंगाची खूण होय.

पानांतील रंगद्रव्यें रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनीं १९०३ च्या सुमारास खडूच्या भुकटीच्या नळींत निराळीं केलीं. कागदावरील रीत इंग्लंडांतील लीड्स येथें कॉन्स्डन, गॉर्डन व मार्टिन यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशीं असलेल्या पद्धतीच्या शोधाबद्दल मार्टिन व सिंज यांना १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु ही नुसती करमणूक नव्हे. मेटॅनिल यलो हा रंग अन्नांत घालण्यास भारतांत मनाई आहे. तरी तो मिठाईंत व हळदींत सांपडत आला आहे. डोळ्यांना तो इतर पिवळ्या रंगांसारखाच दिसतो. म्हणून प्रयोगशाळेंत पदार्थाच्या आम्लयुक्त पाण्यांत पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात. असला कृत्रिम रंग धाग्यावर बसतो. अमोनियाच्या पातळ द्रावानें तो सोडवून कागदावर ठिपका देतात, व शेजारीं ओळखीच्या रंगांचे. तो त्यांच्या बरोबरीनें चढला नाहीं, तर तो त्यांपैकीं नव्हे, हें ठरलें. बरोबरीनें चढला, तर मात्र दुसऱ्या कसोटीनें खात्री करून घ्यावी लागते.

मुलाच्या हातावर पिवळीधमक जिलबी ठेवतांना ही पट्टी आठवावी. रंग नसलेली मिठाई मागून घेण्यांत कमीपणा नाहीं.