झाड लावण्याआधी मोरीची बादली मोजा

(अवर्षणप्रवण भागातील शेतकरी व महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'दुष्काळी भागात फळझाडे व परसबाग' असा छापला आहे. फळझाडांच्या जाती, खड्ड्याचे माप, खताची मात्रा हे सगळे सांगणार आहेच. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. झाड का मरते हे समजल्याशिवाय ते कसे जगवायचे, हे सांगण्यात अर्थ नाही.

२०११ च्या पावसाळ्यात आम्ही एका गावात घरटी पाच रोपे वाटली. नारळ, चिकू, आंबा, पेरू आणि एक लिंबू. गावकऱ्यांनी हौसेने खड्डे घेतले, फोटो निघाले. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात गाव टँकरवर आले. वैशाखात मी पुन्हा गेलो तेव्हा बहुतेक आळ्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. एका आजींना मी विचारले, "पाणी घातलं नाही का?" त्या म्हणाल्या, "साहेब, घागरीतलं पाणी नातवाला देऊ का तुमच्या नारळाला?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही रोपे मोजून दिली होती, त्यांना लागणारे पाणी मोजले नव्हते.

त्याच आजींच्या मोरीमागे मात्र एक बोर होती आणि शेजारी शेवगा होता. दोन्ही हिरवीगार. ती आम्ही दिलेली नव्हती. तेव्हापासून कोणत्याही गावात गेलो की आधी मोरी पाहतो.

तर पहिले काम हिशेबाचे. पाच माणसांच्या घरात पाणी बरे असते तेव्हा आंघोळीचे आणि भांड्यांचे मिळून शंभर लिटरच्या आसपास पाणी मोरीतून वाहते. टंचाईत ते चाळीस लिटरवर येते. आपण हिशेब चाळीसचाच धरायचा, शंभरचा नाही. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला, पालापाचोळा पसरून झाकले तरी, एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेस रोज पाच ते सहा लिटर पाणी लागते. नवीन लावलेल्या रोपाला आच्छादन आणि मडके असेल तर रोजचे सरासरी दोन लिटर पुरते. म्हणजे पाच रोपांना दहा लिटर, आणि उरलेल्या तीस लिटरवर पाच चौरस मीटरचा भाजीचा वाफा. यापेक्षा जास्त लावायचे असेल तर जास्तीचे पाणी कोण आणि कुठून डोक्यावरून आणणार, ते आधी ठरवावे. बहुतेक घरांत त्याचे उत्तर 'घरची बाई' असेच निघते, म्हणून हा हिशेब तिला विचारूनच करावा.

पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर वाटले नाही, घरातील माणसांच्या संख्येवर वाटले, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असा नियम केला. शेताला लागू पडलेली ही गोष्ट परसालाही लागू पडते. परसातला ऊस म्हणजे आमचा तो नारळ.

आता झाडे कोणती लावावीत? जे झाड उन्हाळ्यात स्वतःच झोपते ते लावावे. बोर चैत्र-वैशाखात पाने गाळते. त्याच वेळी तिची छाटणी करावी. पावसाबरोबर नवीन फूट येते आणि त्या नव्या फुटीवरच फळ धरते. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण होते. आवळ्याची तऱ्हा तर आणखी वेगळी आहे. फुले चैत्राच्या सुमारास येतात, पण धरलेले फळ पावसाळा येईपर्यंत न वाढता तसेच सुप्त राहते आणि मग भराभर पोसते. ज्या दोन-तीन महिन्यांत आपल्याकडे पाणी नसते, त्याच महिन्यांत ही झाडे फारसे मागत नाहीत. माण, आटपाडी, सांगोला, जत, आष्टी या पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, काही ठिकाणी त्याहूनही कमी. तोही मोठा पडतो तो बहुधा भाद्रपद-आश्विनात. या झाडांचे वेळापत्रक त्याला जुळते. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हापासून आपल्या माळरानांवर बोर आणि सीताफळ वाढले ते उगीच नाही.

बाजारासाठी बाग आणि घरासाठी झाडे यांत एक फरक आहे. बागेत एकाच जातीची शंभर झाडे ठीक. घराला मात्र वेगवेगळ्या महिन्यांत फळ देणारी चार-पाच झाडे हवीत. सीताफळ भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, आवळा कार्तिकापासून पौषापर्यंत, बोर मार्गशीर्षापासून माघापर्यंत, कवठ महाशिवरात्रीच्या सुमारास, चिंच फाल्गुन-चैत्रात. शेवग्याच्या शेंगा उन्हाळ्यात, पाला बारमाही. चिंच आणि कवठ मोठी होणारी झाडे आहेत, ती परसात न लावता बांधावर लावावीत. चिंचेचे कलम घ्यायचे असल्यास परभणीच्या कृषि विद्यापीठाची 'प्रतिष्ठान' ही जात आहे. आवळ्याचे एकटे झाड लावले तर फुले येतात, फळ नीट धरत नाही, कारण त्याला दुसऱ्या जातीचे पराग लागतात. म्हणून शेजारणीशी ठरवून एकीने 'एनए-७' आणि दुसरीने 'कृष्णा' किंवा 'कांचन' लावावा. सीताफळाला शेळ्या तोंड लावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. बाकी सर्व रोपांना पहिली दोन वर्षे बोरीच्या किंवा चिलारीच्या काट्यांचे कुंपण हवेच. पाण्याखालोखाल रोपे मरतात ती शेळीच्या तोंडाने.

शेवग्याविषयी दोन शब्द जास्त बोलतो. दारात शेवगा नसावा असे काही भागांत मानतात. त्यामागचे कारण मला वाटते इतकेच, की लाकूड ठिसूळ असते, वाऱ्याने फांदी मोडून पत्र्यावर पडते किंवा वर चढलेले पोर खाली येते. तेव्हा दारात नको, मोरीमागे लावावा. तमिळनाडूतील पेरियाकुलमची 'पीकेएम-१' ही जात बियांपासून येते आणि सहा ते आठ महिन्यांत शेंगा देऊ लागते. आपल्याकडे दापोलीची 'कोकण रुचिरा' आहे. रोप कमरेच्या वर, साधारण तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा. मग फांद्या फुटतात आणि झाड हाताच्या उंचीत राहते. हंगाम संपला की तीन-चार फुटांवर छाटून टाकावे. शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला शेळीला टाकतो, हे मात्र बदलायला हवे. त्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व अ भरपूर असते. उन्हाळ्यात पालेभाजी मिळेनाशी होते, तेव्हा मूठभर पाला पिठल्यात किंवा भाकरीच्या पिठात घातला तरी गरोदर बाईला आणि लेकरांना उपयोगी पडतो.

खड्डे उन्हाळ्यातच घ्यावेत, दोन फूट लांब, रुंद व खोल, आणि महिनाभर उन्हात तापू द्यावेत. भरताना पोयटा माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड टाकावी. रोप लावताना शेजारी आठ-दहा लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकणी ठेवावी. मडके नवे, न भाजाळलेले व चांगले झिरपणारे हवे. त्यात एकदा पाणी भरले की चार-पाच दिवस मुळाशी ओल राहते आणि वरची माती कोरडी राहिल्याने बाष्पीभवन होत नाही. आपले पाणी क्षारयुक्त असेल तर एक-दोन हंगामांत मडक्याची छिद्रे बुजतात. पाणी उतरेनासे झाले की मडके बदलावे.

मोरीच्या पाण्याबाबत एक सावधगिरी. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून त्याच दिवशी वापरावे. साठवले की वास येतो आणि डासही होतात. कपड्यांच्या पावडरीचे पाणी वाफ्यावर सोडू नये. त्यातल्या सोडियममुळे काळी जमीन कडक आणि चोपण होत जाते. ते वेगळे काढून दूर सोडावे. मोरीचे पाणी मुळाशी द्यावे, पानांवर नाही, आणि कोथिंबीर, मुळा, कांदापात असे कच्चे खाण्याचे पीक त्यावर घेऊ नये.

भाजीचे गणित उन्हाळ्यावर मांडू नये, पावसाळ्यावर मांडावे. पावसाळ्यात पाणी फुकट असते. आखितीला आळी करून ठेवावीत आणि पाऊस लागताच कुडाला दोडका, घोसाळी, वाल, पत्र्यावर दुधी आणि लाल भोपळा चढवावा. वाफ्यात अंबाडी, माठ, गवार, भेंडी घ्यावी. 'परभणी क्रांती' भेंडी घेतली तर बी घरी धरता येते. पिकलेला लाल भोपळा न कापता शिंक्यात टांगला तर महिनोन् महिने टिकतो. गवार, मेथी वाळवून डब्यात भरावी, कोहळ्याचे सांडगे घालावेत. वैशाखात जेवणात जी भाजी येईल ती आश्विनातल्या पाण्याची असेल. उन्हाळ्यातला पाच मीटरचा वाफा हा फक्त वरकड, मायाळू-चुक्यापुरता. टँकर चालू झाला आणि चाळीस लिटरही मोरीत येईनासे झाले तर वाफा बिनदिक्कत सोडून द्यावा. रोपांची दहा लिटर मात्र तोडू नयेत. भाजी पुढच्या पावसात पुन्हा पेरता येते, तीन वर्षांचे झाड येत नाही. ही दहा लिटर म्हणजे पाणी बरे असतानाच्या एका माणसाच्या आंघोळीचेही पाणी नव्हे.

शेवटी, बोरीबद्दल एक राहिले. पिशवीतले कलम लावताना सोटमूळ दुखावते. त्यापेक्षा देशी बोरीच्या आठोळ्या जागेवरच पेराव्यात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर 'उमराण' किंवा 'कडाका' जातीचा डोळा भरावा. मूळ न तुटल्याने ते खोल जाते. आमच्या मंडपाच्या दाराशी आठोळ्यांचे पोते ठेवले आहे. प्रत्येकीने मूठभर न्याव्यात. घरी मिठाच्या पाण्यात टाकून बघाव्यात, तरंगतील त्या फेकाव्यात, बुडतील त्या धुऊन वाळवाव्यात आणि पहिल्या पावसात एका जागी तीन-तीन टोकाव्यात. डोळे भरण्याचे काम कोणाला शिकायचे असेल त्यांनी आषाढात आमच्या रोपवाटिकेवर यावे, चाकू आम्ही देऊ.