जुन्या ट्रॅक्टरचा गिअर जड पडतो? पेटी खोलण्याआधी हे पाहा

(सावदा, ता. रावेर येथे ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांपुढे दिलेले भाषण)



एचएमटीने १९७१ साली पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. महिंद्राचा बी-२७५ त्याहूनही आधीचा. असा एखादा जुना ट्रॅक्टर ज्यांच्या दारी अजून कामाला आहे, त्यांच्यासाठी आजचे बोलणे आहे. घड कापून बांधावर ठेवलेले, ट्रक वाट पाहतो आहे आणि पहिला गिअर पडत नाही. अशा वेळी ड्रायव्हर दांडा दोन्ही हातांनी ओढतो, पेटीतून खर्र आवाज येतो आणि दात्यांच्या कडा उडतात. मग साध्या दुखण्याचा खर्च खरोखरच पेटीपर्यंत जातो.

दोष क्लचमध्ये की पेटीत, हे आधी ठरवा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, पीटीओ सोडवा आणि इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. दात्यासमोर दाता आला तर गिअर अडेल. तेव्हा दगड काढून ट्रॅक्टर हाताने थोडा ढकला, पुन्हा दगड लावा आणि परत पाहा. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर खरखरतात, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. बंद इंजिनावरही दांडा जड असेल, तर दोष दांडा, वरचे झाकण किंवा पेटीत आहे.

क्लचचा दोष बहुधा बाहेरूनच सापडतो. पेडल हाताने दाबा. जोर लागू लागेपर्यंत ते किती खाली जाते, हे पट्टीने मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरांत ही मोकळी चाल २० ते ३० मि.मी. असते, आपल्या ट्रॅक्टरचा आकडा पुस्तिकेत पाहावा. चाल जास्त असेल तर क्लच अर्धवट सुटतो. पण म्हणून ती शून्यावर आणू नका. तसे केल्यास रिलीज बेअरिंग सतत फिरत राहते, प्लेट घसरते आणि जळते.

एका गावी मी पाहिलेला ट्रॅक्टर पेटी खोलण्यासाठी निघाला होता. पेडलची चाल बरोबर होती, तरी गिअर खरखरत होता. खाली वाकून पाहिले तर पेडलच्या आडव्या दांड्याचे बुश झिजले होते आणि पिनेचे भोक लांबट झाले होते. पेडल पुरते खाली जाई, पण निम्मी हालचाल त्या झिजेतच जिरत होती. बुश आणि पिन बदलल्यावर पेटीला हात लावावा लागला नाही.

बाहेर सर्व ठीक असेल, तर प्लेट वाकलेली किंवा गंजून चिकटलेली असते, अथवा फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग जाम असते. त्यासाठी ट्रॅक्टर मधून अलग करावा लागतो. हे काम घरी करू नये. मात्र एकदा अलग केलाच, तर प्लेटबरोबर दोन्ही बेअरिंगेही तपासून घ्यावीत. मजुरी तीच लागते.

दांडाच जड असेल, तर त्याच्या खालच्या टोकाची झीज पाहा. टोक खाचेतून निसटले की दांडा अडकतो. ऑईलही पाहा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. डिसेंबर-जानेवारीत, केळीला थंडीचा चरका बसतो त्या दिवसांत, सकाळी गिअर जड आणि तासाभराने हलका होत असेल, तर ऑईल जाड होत आहे. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच भरावे.

आणि सवयीचे एक. या जुन्या पेट्यांत दाते सरकवून जुळवावे लागतात. ट्रॅक्टर थांबवा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग गिअर टाका. चालत्या ट्रॅक्टरला मोटारीसारखा गिअर बदलणारा ड्रायव्हर कितीही हुशार असो, त्याला तेवढे सांगाच.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर पेडल दाबून खाली लाकडी ठोकळा अडकवून ठेवा, म्हणजे प्लेट चिकटत नाही. क्लचपेटीच्या तळाशी असलेले छोटे भोक बागेतल्या चिखलाने बुजते, तेही तारेने मोकळे करा.