गुलामांचा व्यापार आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी गुलामांच्या व्यापारावर बोलणार आहे, हे कळल्यावर काही जणी म्हणाल्या, "अहो, इतका दूरचा विषय कशाला?" मला तो दूरचा वाटत नाही. का वाटत नाही, ते थोडक्यात सांगते.

सोळाव्या शतकापासून पुढे साडेतीनशे वर्षे युरोपच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोट माणसे जहाजांत कोंबून अमेरिका खंडाकडे नेली. त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. उरलेली बाजारात विकली गेली. आई एकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे. विकत घेणारा धनी पुष्कळदा नावही बदलून टाकी.

अमेरिकेच्या दक्षिण भागात या लोकांना कपाशीच्या शेतात राबवीत. कपाशी वेचताना बोटांना बोंडाची टोके कशी लागतात, हे तुम्हांला मी काय सांगावे! पण आपली मजुरी आपल्या हातात पडते आणि दिवे लागता आपण आपल्या लेकरांत येतो. त्यांना मजुरी नव्हती, आणि पोटचे लेकरूही धन्याच्या मालकीचे. तो कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जाई. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खानदेशच्या कापसाला मोठा भाव आला, जळगावची पेठ भरभराटली. १८६५ साली ते युद्ध संपले आणि अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद झाली.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरूनही असाच व्यापार चाले, आणि तो आपल्या मुलखापर्यंत पोचत असे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आपण शाळेत वाचला. तो मूळचा हबसाणातला, लहानपणीच विकला गेलेला. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे आरमार या समुद्रावर गुलामांची गलबते पकडू लागले. सुटलेल्या पोरांना ठेवायचे कोठे? त्यांतली पुष्कळ मुले मुंबईस आणली, आणि तेथून काही आपल्या शेजारच्या नाशिकला, मिशनच्या शरणपूर वसाहतीत पाठविली. तेथे ती लिहावाचायला शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हे, नंतर मिळालेले. प्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा जेकब त्याच्या माणसांत होता. प्रार्थना त्याने वाचली आणि झाडावर लिव्हिंग्स्टनचे नाव त्यानेच कोरले. मग या माणसांनी तो देह हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रापर्यंत आणला. जेकब त्याच्याबरोबर लंडनपर्यंत गेला. नाशिकला शिकलेल्या या मुलाने दुसऱ्याचे नाव जपले. त्याचे स्वतःचे नाव मात्र कोणी जपले नव्हते.

त्याच १८७३ साली झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. आणि त्याच साली आपल्या जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले. अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली, त्यांना ते अर्पण केले. पण जोतिराव दूरच्या लोकांना शाबासकी देऊन थांबले नाहीत. त्यांनी आपल्याच समाजाकडे बोट दाखविले.

म्हणून मीही आज माझ्या घराकडे बोट दाखविते. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला नऊ-दहा वर्षांची एक मुलगी येई. पैसे तिची आई नेई. आम्ही सगळे तिला "ए पोरी" म्हणत असू. एक दिवस कढत पाणी तिच्या हातावर सांडले. मी तिला दवाखान्यात नेले. तेथे विचारले, "नाव काय मुलीचे?" मला सांगता येईना. वर्षभर ती माझ्या मोरीत बसत होती, आणि तिचे नाव मला ठाऊक नव्हते! शेवटी तिनेच सांगितले, खाली मान घालून.

आम्ही तिला विकत घेतले नव्हते, मारले नव्हते. त्या जहाजांची बरोबरी मी करीत नाही. पण माणसाचे नाव सोडून नुसते हात पाहायला लागलो की वाट कुठल्या दिशेची, एवढे कळते. तिचा हात बरा झाला, ती पुन्हा भांड्यांना लागली. "हिला शाळेत घाला" असे मी तिच्या आईला एकदाही म्हटले नाही. तेव्हा सुचले नाही असे म्हणणे खोटे होईल. सुचले होते, भांडी कोण घासणार, म्हणून बोलले नाही.

आज चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे गुन्हा आहे. पण प्रत्येक उंबऱ्यात शिपाई उभा राहत नाही. तेथे आपणच असतो. आपल्या आळीत असे लेकरू कोणाच्या घरी राबताना दिसले, तर आधी त्याचे नाव विचारा, आणि मग त्याची शाळा कोणती, ते विचारा. मी विचारले नाही, तुम्ही विचारा.