हातचं, पळतं आणि डॅलस मॅव्हरिक्स



१३ जून २०११, सोमवार. आपल्याकडे पहाटे साडेपाचला सामना सुरू झाला आणि लोक डबे भरून कामाला निघत होते तेव्हा तो संपला. डॅलस मॅव्हरिक्सने मायामी हीटला चार-दोन असं हरवून एनबीएचं विजेतेपद मिळवलं. शेवटचा भोंगा वाजतोय न वाजतोय तोच डर्क नोविट्झकी टेबल ओलांडून आत निघून गेला. रडू आवरत नव्हतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून. तेरा सीझन एकाच संघात काढल्यावर त्याला पहिली ट्रॉफी मिळाली होती.

आज मला या सामन्याबद्दल बोलायचं नाहीये. त्यानंतरच्या उन्हाळ्यांबद्दल बोलायचंय. बास्केटबॉलमध्ये जेव्हा चेंडू कुणाच्याच हातात नसतो, त्या दिवसांत संघ बनतात आणि मोडतातही. डॅलसचा तर जिंकलेला संघ मोडला. आणि तो दुसऱ्या कुणी मोडला नाही, डॅलसनेच मोडला.

आधी थोडे नियम समजून घेऊ. आयपीएलचा लिलाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे खेळाडूचं नाव पुकारलं जातं आणि बोली ज्याची मोठी, खेळाडू त्याचा. एनबीएत करार संपलेला खेळाडू फ्री एजंट होतो, आणि कुठे जायचं हे तो स्वतः ठरवतो. संघ त्याच्या घरी जातात, जेवायला नेतात, समजावतात. शिवाय एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा, यालाही मर्यादा आहे. त्यामुळे मोठ्या खेळाडूपुढे चार-पाच संघांचे जवळपास सारखेच आकडे ठेवलेले असतात. पैसा संपतो आणि मन सुरू होतं.

दुसरा नियम पगाराच्या मर्यादेचा, म्हणजे सॅलरी कॅपचा. २०११-१२ साली ही मर्यादा ५ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास होती. बाहेरचा मोठा खेळाडू घ्यायचा असेल तर त्या मर्यादेखाली तेवढी जागा रिकामी लागते. पण आपलाच जुना खेळाडू ठेवायचा असेल तर मर्यादा ओलांडूनही ठेवता येतो. याला लॅरी बर्डच्या नावावरून बर्ड राइट्स म्हणतात. आता याचा अर्थ बघा. घरचा माणूस ठेवायला जागा लागत नाही. तो गेला की मात्र त्याच्या तोडीचा बाहेरून आणायला जागा लागते, आणि ती तुमच्याकडे बहुतेक वेळा नसते. म्हणून खेळाडू सोडणं सोपं असतं आणि त्याची भरपाई महाकठीण.

आता डॅलसकडे वळू. त्या विजयातला एक माणूस आपण पटकन विसरतो, टायसन चँडलर. सात फूट एक इंच उंचीचा सेंटर. जुलै २०१० मध्ये सगळं जग लेब्रॉन जेम्सकडे बघत होतं. ८ जुलैला लेब्रॉनने टीव्हीवर मायामी हीटला जात असल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्यात, फारसा गाजावाजा न होता, डॅलसने शार्लटकडून चँडलरला घेतलं. बदल्यात तीन खेळाडू दिले. त्यांतल्या एकाचा करार असा होता की शार्लट तो पैसे न देता रद्द करू शकत होतं, आणि त्यांना तेच हवं होतं. चँडलर तेव्हा फारसा कुणाला नको होता. सुमारे दीड वर्षापूर्वी ओक्लाहोमा सिटीने त्याच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं पाहून झालेला सौदा मागे घेतला होता. असा हा नको असलेला माणूस डॅलसच्या बचावाचा खांब झाला, आणि नोविट्झकीला आयुष्यात पहिल्यांदा पाठीशी एक भिंत मिळाली.

जून २०११ मध्ये चँडलरचा करार संपला. त्यानंतर संघमालक आणि खेळाडूंचा वाद झाला, एनबीएला टाळं लागलं आणि डिसेंबरात नवे नियम आले. पगाराचा खर्च ठरावीक पातळीपलीकडे गेला की भरायचा लक्झरी टॅक्स पुढे बराच वाढणार होता. आधी वरच्या प्रत्येक डॉलरला एक डॉलर कर होता. २०१३ पासून तो दीड डॉलरपासून सुरू होऊन वर चढत जाणार होता. मालक मार्क क्युबन आणि व्यवस्थापनाने हिशेब मांडला. नोविट्झकी आणि मॅरियन तेहतीसचे, टेरी चौतिशीत, जेसन किड अडतीसचा. या म्हाताऱ्या संघावर मोठे, लांब करार करून अडकायचं कशाला? त्यापेक्षा जागा मोकळी करू, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात एखादा तरुण मोठा खेळाडू आणू.

हा विचार मूर्खपणाचा नव्हता, हे मला आधी सांगायला हवं. कागदावर तो बिनचूक होता. मी तेव्हा तो वाचला आणि मान डोलावली होती. चँडलर चार वर्षांच्या मोठ्या करारावर न्यूयॉर्क निक्सला गेला. बरेआ मिनेसोटाला गेला, बटलर क्लिपर्सकडे. विंग्जवर, बाकावर, सगळीकडे चेहरे बदलले. चँडलर न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. डॅलस पहिल्याच फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून चार-शून्य हरलं.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. डॅलसने फायनलमध्ये हरवलं होतं मायामीला, म्हणजे जागा मोकळी करून, फ्री एजंट गोळा करून उभ्या केलेल्या संघाला. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या, एकमेकांची सवय झालेल्या माणसांनी तीन ताऱ्यांना हरवलं. आणि जिंकल्यावर डॅलसने काय केलं? हरलेल्याची पद्धत उचलली.

मग सुरू झाली पळत्याची गोष्ट.

२०१२. लक्ष्य डेरॉन विल्यम्स, तेव्हाचा अव्वल पॉइंट गार्ड. तो वाढला डॅलसजवळच. सगळ्यांना वाटलं, हा घरी येणार. त्याचा जुना संघ नेट्स ब्रुकलिनला हलत होता. नेट्स त्याला पाच वर्षांचा करार देऊ शकत होते, डॅलसला नियमाने चारच वर्षांचा देता येत होता. त्याच्या भेटीच्या वेळी क्युबन एका टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात होते. ते हजर असते तर फरक पडला असता, असं विल्यम्सने पुढे बोलूनही दाखवलं. त्याने ब्रुकलिनचा ९ कोटी ८० लाखांचा करार घेतला. किड आणि टेरीही त्याच उन्हाळ्यात गेले. डॅलस पुढच्या वर्षी बरोबर ४१ जिंकलं, ४१ हरलं, आणि सलग बारा वर्षांनंतर प्लेऑफ हुकला. त्या मोसमात जय-पराजयाचा हिशेब बरोबरीत येईपर्यंत दाढी करायची नाही, असं खेळाडूंनी ठरवलं होतं. एके काळचा विजेता संघ बरोबरीसाठी दाढ्या वाढवून फिरत होता.

२०१३. लक्ष्य ड्वाइट हॉवर्ड. लेकर्स त्याला सगळ्यांत जास्त पैसे देऊ शकत होते. त्याने ते सोडले आणि शेजारच्याच ह्यूस्टनला गेला.

२०१४ मध्ये डॅलसने एक शहाणं काम केलं. चँडलरला ट्रेड करून परत आणलं. नोविट्झकीने तर स्वतःचा पगार वर्षाला २ कोटी २० लाखांच्या वरून ८० लाखांच्या आसपास आणला, कशासाठी? संघाला आणखी कुणीतरी घेता यावं म्हणून. छत्तीस वर्षांचा माणूस स्वतःच्या खिशातून जागा रिकामी करून देत होता. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त लागतं ते हेच.

आणि मग २०१५. त्या वर्षी भारतात डॅलसचं नाव अनेक घरांत पोचलं. २५ जूनला डॅलसने ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर पंजाबच्या बल्लोके गावच्या सतनामसिंगला निवडलं. भारतात जन्मलेला आणि एनबीएत निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. त्याच्यामुळे आपल्याकडचे बरेच लोक त्या उन्हाळ्यात डॅलसच्या बातम्या बघत होते. आणि आठवडाभरात त्यांना काय बघायला मिळालं!

लक्ष्य होतं क्लिपर्सचा सेंटर डीआंड्रे जॉर्डन. ३ जुलैला तो हो म्हणाला, चार वर्षं, सुमारे ८ कोटी डॉलर. पण तेव्हाच्या नियमाने ९ जुलै उजाडेपर्यंत सही करता येत नव्हती, नुसता शब्द. चँडलर तोवर फिनिक्सकडे निघाला होता. म्हणजे त्याच माणसाला दुसऱ्यांदा जाऊ दिलं, आणि दुसऱ्यांदाही दुसऱ्या कुणाच्या आशेवर. मग जॉर्डनचं मन फिरलं. प्रशिक्षक डॉक रिव्हर्स, ब्लेक ग्रिफिन आणि इतर क्लिपर्सवाले ह्यूस्टनमध्ये त्याच्या घरी जाऊन बसले. ग्रिफिनने दाराला खुर्ची लावल्याचा फोटो टाकला. लोक हसले. मध्यरात्र उलटली आणि जॉर्डनने क्लिपर्सच्याच करारावर सही केली.

तोवर बाजारातले बाकीचे सेंटर आपापल्या ठिकाणी लागलेही होते. त्याच उन्हाळ्यात वेस्ली मॅथ्यूज डॅलसला यायला तयार झाला होता. टाचेमागचा स्नायुबंध तुटून तो बरा होत होता. जॉर्डनसाठी ठेवलेले पैसे उरले, तेव्हा डॅलसने मॅथ्यूजचा ठरलेला करार ५ कोटी ७० लाखांवरून ७ कोटींवर नेला. उरलेल्या जागेची ही किंमत. ती शिल्लक टाकता येत नाही, कुणाला तरी द्यावीच लागते.

आता शेवटचा भाग ऐका. डेरॉन विल्यम्स डॅलसला आला. २०१५ मध्ये, ब्रुकलिनने त्याचा करार मोडून त्याला मोकळं केल्यावर, एकतिसाव्या वर्षी. डीआंड्रे जॉर्डनही डॅलसला आला. २०१८ मध्ये, एका वर्षाच्या करारावर, आणि ते वर्षही पुरं होण्याआधी त्याला न्यूयॉर्कला धाडलं. तो होता नोविट्झकीचा एकविसावा आणि शेवटचा मोसम. ज्यांच्या मागे धावले त्यांतले दोघे आले. पण ज्याच्यासाठी त्यांना आणायचं होतं, त्याची वेळ निघून गेली होती. २०११ नंतर नोविट्झकी प्लेऑफची एकही फेरी जिंकला नाही.

कुणी म्हणेल, मागून शहाणपण सांगायला काय जातं? बरोबर आहे. चँडलरला ठेवलं असतं तर दुसरी ट्रॉफी आली असती, असं मी म्हणत नाही. संघ म्हातारा होताच. पण हरून म्हातारं होणं वेगळं आणि आपल्या माणसांत म्हातारं होणं वेगळं. विजेत्यांना एक संधी मिळायला हवी होती, पुन्हा मैदानावर उतरून हरायची. ती त्यांना मिळाली नाही.

आपल्याकडे म्हण आहे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी. आपण ती लोभी माणसाला ऐकवतो. डॅलसची गोष्ट वाचल्यावर मला वाटतं, ती हुशार माणसालाच जास्त लागू पडते. लोभी माणसाला निदान माहीत असतं की आपण जुगार खेळतोय. हुशार माणूस त्याला नियोजन म्हणतो.

आणि ही सवय सुटत नाही. जेलन ब्रन्सन डॅलसचाच, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला. त्याचा करार वेळेत वाढवता आला असता. वाढवला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कला गेला, चँडलर गेला होता तिथेच, आणि बदल्यात डॅलसला काही मिळालं नाही. दोन वर्षांत तो ऑल-स्टार झाला.

दर उन्हाळ्यात तुम्हीही याद्या वाचत असाल. आपल्या संघाने याला घ्यावं, त्याला घ्यावं. मीही वाचतो, मजा येते. पण आता मी आधी दुसरी यादी काढतो, ज्यांचे करार संपताहेत अशा आपल्या माणसांची. त्यांत एखादा असतो, ज्याचं नाव कुणी घेत नाही आणि ज्याच्या पाठबळावर बाकीचे उभे असतात. त्याला कुणी फोन केलाय का, एवढं मी आधी बघतो.