जमिनीलगतचा वारा

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा हे गाव आहे. हिवाळ्यात अशा गावी पहाटे चुली पेटल्या, की धूर थोडासा चढतो आणि घरांच्या वरच आडवा पसरतो. उन्हं वर आली, की तोच धूर बघता बघता विरतो. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरीदेखील ऊन तापून वारा सुटण्याची वाट पाहतो. असं का व्हावं बरं?

झाडं, घरं, बांध वाऱ्याला अडवतात. म्हणून जमिनीलगत त्याचा वेग कमी आणि वर जास्त. साक्री तालुक्यातल्या पठारांवर पवनचक्क्या उंच मनोऱ्यांवर बसवल्या आहेत, त्या याचसाठी. दिवसा जमीन तापते. तिला टेकलेली हवा हलकी होऊन वर उठते आणि वरची खाली येते. ही घुसळण दुपारी हजार-दीड हजार मीटरपर्यंत पोचते. तिच्याबरोबर वरचा वेगवान वारा खाली उतरतो. म्हणून तो झोतांनी येतो.

सूर्य मावळला, की सारा हिशेब उलटतो. निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं जणू झाकण बसतं. घुसळण थांबते. यातही एक नवल आहे. पुण्याच्या वेधशाळेत शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारे डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ साली आत्मनाथन यांच्यासह दाखवून दिलं, की अशा शांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते; ती वीत-दोन वीत वर असते. म्हणजे कोवळ्या रोपांच्या शेंड्याशी! परदेशातल्या पुष्कळांना हे प्रथम पटलं नाही. पुढे मापनांनी ते खरं ठरवलं.

आता व्यवहाराची गोष्ट. पहाटे वारा पडलेला पाहून फवारणीला हीच वेळ बरी, असं आपल्याला वाटतं. पण तेव्हा औषधाचे बारीक थेंब विरतही नाहीत आणि लवकर खालीही बसत नाहीत. ते तरंगत ओढ्याकडे, वस्तीकडे सरकतात. भर दुपारी ते झोतांनी उडतात. तेव्हा आधी गावातल्या धुराकडे पाहा. तो आडवा पसरला असेल, तर थांबा. तो उठून विरू लागला आणि हलकी झुळूक वस्तीपासून दूर वाहू लागली, की पंप पाठीवर घ्या. पालापाचोळाही संध्याकाळी पेटवू नका. त्याचा धूर रात्रभर आपल्याच घरात, आपल्याच लेकरांच्या छातीत जाईल.